प्लंबर उठला का?

दामूकाकांच्या हिशेबी मी आतापर्यंत तीन-चार वेळा मेले आहे.

पहिल्यांदा मेले तेव्हा क्लासच्या मुलांचे गणिताचे पेपर तपासून उशिरा झोपले होते आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता. सकाळी दाराची बेल अशी काही वाजायला लागली, की मला वाटलं बिल्डिंगला आग लागली. दार उघडलं तर बाहेर दामूकाका, त्यांच्या मागे वॉचमन आणि वॉचमनच्या हातात पहार. काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि मागे वळून म्हणाले, "जिती हाय. ने ती पहार खाली." वॉचमन जरा हिरमुसलाच. त्याची दार फोडायची पहिलीच वेळ असावी.

मग काका माझ्याकडे वळले. "काय गो बाय, मरायचा नसंल तर सकाली उठून एकदा तरी फोन उघडत जा. कालपासनं तुजा पत्ता नाय!"

व्हॉट्सअॅपवर माणूस शेवटचा कधी दिसला ते नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तुम्ही आम्ही ते वाचतो आणि मनातल्या मनात जळतो. हा दहा मिनिटांपूर्वी ऑनलाईन होता, आणि माझ्या मेसेजला उत्तर द्यायला मात्र याला वेळ नाही! त्या बारीक अक्षरांचा जगाला एवढाच उपयोग. दामूकाका मात्र रोज सकाळी आंघोळ करून, गळ्यात ती जाड सोन्याची चेन आणि दोरीला बांधलेला चष्मा अडकवून, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर गच्चीत जाऊन बसतात आणि अख्ख्या बिल्डिंगचं 'लास्ट सीन' तपासतात. याला ते 'फेरी मारनं' म्हणतात. जो उठून ऑनलाईन आला तो जिवंत. जो दहापर्यंत आला नाही, त्याच्या दारात दामूकाका.

आमची बिल्डिंग नवीन पनवेलात आहे. नवरा नोकरीसाठी पुण्यात, शनिवार-रविवार येतो. बाकीचे दिवस मी, माझा क्लास आणि शेजारी. शेजारी म्हणजे काय, तर बिल्डिंगचा ग्रुप. या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची इतकी फुलं पडतात, की एखाद्या पुढाऱ्याची मिरवणूक निघावी. पण फुलं पाठवणारी हीच माणसं लिफ्टमध्ये भेटली, की एकमेकांच्या चपला बघत उभी राहतात. दामूकाका चपला बघत नाहीत. ते थेट तोंडाकडे बघतात आणि तोंड उघडतात, इथेच सगळा घोटाळा होतो.

चौथ्या मजल्यावरचे देशमुख एकदा बायकोसोबत लिफ्टमध्ये शिरले. आत काका. काका अगदी मायेने म्हणाले, "काय रे, रातीचा अडीचपरत जागाच व्हतास? पोट बिघडलाय काय? ओवा खा." देशमुखांनी बायकोला सांगितलं होतं, की डोकं दुखतंय म्हणून हॉलमध्ये झोपतो. बायकोने काकांना काही विचारलं नाही. जे विचारायचं ते घरी जाऊन विचारलं. खालच्या मजल्यावर ऐकू येईल इतक्या आवाजात विचारलं. दुसऱ्या दिवशी काका देशमुखांच्या दारात ओवा घेऊन हजर.

दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेलाही त्यांनी जिन्यात अडवून विचारलं, की तू रोज दुपारी सासू झोपली की दोन तास कुणाशी गं बोलतेस? ती बिचारी आईशी बोलत होती. पण हे सासूच्या देखत विचारायचं नसतं, हे काकांना कोण सांगणार?

तर लोकांनी 'लास्ट सीन' बंद करायला सुरुवात केली. पहिला नंबर सेक्रेटरी सावंतांचा. सावंत म्हणजे नियमांचा पुतळा. जिन्यातली कुंडी चार बोटं पुढे आली तरी ते नोटीस काढतात. त्यांच्या नावाखालची अक्षरं गायब झाली त्या दिवशी काका थेट त्यांच्या दारात. "सावंत, दाराला कडी का लावलीस?"

"काका, दार उघडंच आहे की."

"ह्या दाराची कडी नाय. फोनाची. रातोरात काय झायला असा, की तू आतनं कडी घातलीस? तब्येत बरी हाय ना? भांडान झायला काय?"

सावंतांनी त्याच आठवड्यात मीटिंग लावली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. विषय एकच: सभासदांच्या खासगी आयुष्यात होणारा हस्तक्षेप. सावंत तासभर प्रायव्हसीवर बोलले. काका शांतपणे ऐकत होते. मग उठले आणि म्हणाले, "गावात आमी टमरेल घेऊन निघालो ना, तरी सगला गाव बगायचा. कोन निघाला, कवा निघाला, किती येल बसला. लाजंनं कोनी मेला नाय. पन घरात पडून कोनी मेला, तर ते पन सकालच्या आत कलायचा."

खुर्च्यांवर हशा पिकला. पुढे जे बोलले त्यावर मात्र कोणाला नीट हसता आलं नाही.

"आमच्याकडं सकाली बाया दारात सडा घालायच्या. शेनाचा. ज्याच्या दारात सडा नाय दिसला, त्याच्या दारात बाजूची बाय जाऊन इचारायची, काय गो, काय झायला? ताप हाय, भांडान हाय, का मयत हाय? आता तुमच्या दारात काय हाय? पायपुसना. त्याच्यावर लिवलाय वेलकम. मानूस आत मरून पडला तरी भायेर वेलकम! मग मी कसा ओलखू? मना तर फोनामदी सडा दिसतो, तोच बगतंय."

ठराव मंजूर झाला नाही. नामंजूरही झाला नाही. सावंतांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि सगळ्यांना वडापाव दिला.

हे जे 'आमच्याकडं' काकांच्या बोलण्यात येतं, ते गाव आता नाही. ते विमानतळात गेलं. भाताची खाचरं, मिठागरं, गावदेवीचं देऊळ, सगळं गेलं, आणि माणसं जिथे जागा मिळाली तिथे पांगली. कोणी कामोठ्याला, कोणी उलव्याला, दामूकाका इथे. गावाचं जे काही शिल्लक आहे, ते एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे. ग्रुप दामूकाकांनी काढला, कारण सगळ्यांच्या आधी मोठा फोन त्यांनी घेतला होता. बिल्डिंगची फेरी झाली, की ते या ग्रुपवरच्या गावाची फेरी मारतात. मग पायऱ्या उतरून माझ्याकडे चहाला येतात.

माझ्याकडेच का, याचं कारण मला बरेच दिवस वाटत होतं, की माझा चहा. काका चहा बशीत ओततात आणि असा फुर्र करून ओढतात, की पहिल्या दिवशी मी मिक्सर चालू राहिला का ते बघून आले होते. पण चहाच्या आधी एक विधी असे.

"बाय, जरा फोन उघड. प्लंबर उठला का बग."

हा प्लंबर त्यांनीच माझ्या फोनमध्ये घातला होता. एके दिवशी नंबर सांगितला आणि म्हणाले, "प्लंबर म्हनून ठेव. बाईमानसाच्या घरी प्लंबरचा नंबर पायजे." मला पटलं. त्यांच्या फोनमध्ये तो दिसत नाही म्हणाले. का, तर "त्याचा माज्याशी जमत नाय." प्लंबरशी कोणाचं जमतं? तेही पटलं.

मी फोन उघडायचे. 'प्लंबर, आज, सहा वाजून काही मिनिटं.' काकांचा चेहरा असा सैल व्हायचा, की जणू मुलाचा निकाल लागला. "उठला. बरा झायला." मग फुर्र. एखाद्या दिवशी आठ वाजलेले असले, की कपाळाला आठ्या. "आज उशिरा का उठला? त्याला बीपी हाय."

"काका, प्लंबरला बीपी आहे हे तुम्हाला काय माहीत?"

"का? प्लंबरला नसतो काय बीपी? तो मानूस नाय?"

एकदा प्लंबर पहाटे चारला ऑनलाईन आलेला दिसला, तेव्हा काका म्हणाले, "गुडघा दुखत असंल. थंडी पडली का त्याचा डावा गुडघा धरतो." मी म्हटलं, किती हा कामगारांचा कळवळा! मी गणित शिकवते. दोन आणि दोन चार हे रोज फळ्यावर लिहिते. पण स्वतःच्या चहाच्या टेबलावर मला ते करता आलं नाही.

दोनातला एक दोन मला पारूकाकींनी दिला होता. पारूकाकी म्हणजे दामूकाकांची बायको. जिन्याच्या उन्हात सुकट निवडत बसल्या होत्या आणि सगळी बिल्डिंग नाकाला रुमाल लावून ये-जा करत होती. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "तुला गंमत सांगतंय बाय. आमच्या यानं सक्क्या भावाला गावातनं भायेर काढला. एका बोटानं."

नारायण हा काकांचा थोरला भाऊ. यांच्या बोलीत थोरल्या भावाला 'दादूस' म्हणतात. दोघांची घरं गावात एकाला एक लागून, मधली भिंत एकच. दादूस गावचा पंच होता. गाव उठलं तेव्हा तो मुलासोबत बंदराकडे, द्रोणागिरीला गेला, मुलाची नोकरी तिकडच्या गोदामात होती म्हणून. ग्रुप निघाला तेव्हा दादूसला कळलं, की ग्रुपला अॅडमिन असतो आणि तो धाकटा आहे. "मी पंच, आनि तू अॅडमिन? मना पन कर," तो म्हणाला. काका लगेच करायला बसले. चष्मा देवाच्या फळीवर होता, तो आणायचा कंटाळा केला. जे बटण दाबायचं त्याच्या खालचं दाबलं. फोनने क्षणात सगळ्या गावाला कळवलं: दामोदर यांनी नारायण यांना काढून टाकलं.

तुम्ही आम्ही असतो तर हसलो असतो. पण या खाडीकाठच्या गावांत माणसाला गावातून काढून टाकणं म्हणजे काय, ते पिकल्या केसाच्या माणसांना ठाऊक आहे. वाळीत टाकलेल्याच्या दारात कोणी पाणी पीत नसे. त्याच्या घरच्या मयताला खांदा मिळत नसे. दादूस पंच होता, त्याने असे निवाडे होताना पाहिले होते. आणि आता गाव जमिनीवर उरलंच नव्हतं, जे होतं ते या ग्रुपवर होतं. त्यातून धाकट्या भावाने बाहेर काढलं, ते सगळ्यांच्या देखत.

काकांनी घाबरून लगेच परत आत घेतलं. फोनने तेही गावाला कळवलं. दादूसने एकच वाक्य लिहिलं, "मी काय पावना हाय, मना आत घ्यायला?" आणि स्वतःहून ग्रुप सोडला. मग काकांना ब्लॉक केलं. त्यानंतर दोघं भाऊ बोलले नाहीत. मध्ये दिवाळी गेली, गावदेवीची जत्रा गेली. कुठल्याशा हळदीला दोघं गेले, तर बँजोवाल्यांच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून नाचले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

"मग काकांनी जाऊन माफी मागायची ना," मी म्हटलं.

पारूकाकींनी सुकटाचं डोकं मोडलं. "वालीतला मानूस परत आनायचा तर नारल घेऊन त्याच्या दारात जायचा, हाताला धरून आनायचा. रीत हाय. पन यो जाईल तवा ना! मना बोलतो, पारू, फोनावर बलॉक झालो ते कुनाला दिसत नाय. दारातनं परत पाठवला, तर सगला बगल."

दुसऱ्याच्या दारात पहार घेऊन उभा राहणारा माणूस एका दाराला इतका घाबरत होता.

हे ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे आता लिहिताना मला खरं वाटत नाही. पडला तो पुढच्या आठवड्यात.

काका नेहमीसारखे आले. आदल्या संध्याकाळीही ते एकदा विचारून गेले होते, आणि प्लंबर दिसला नव्हता. आता डोळे लाल, दाढी वाढलेली. "प्लंबर उठला का?"

मी फोन उघडला. प्लंबर काल दुपारनंतर दिसलाच नव्हता. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्म्याजवळ नेला, लांब नेला. मी चहा पुढे ठेवला, त्यावर साय धरली तरी त्यांनी बशीला हात लावला नाही. त्यांना हसवावं म्हणून मी म्हटलं, "जाऊ दे ना काका. पनवेलात प्लंबरना काय तोटा? दुसरा बघू."

काका खेकसले, "दुसरा कुठून आनू? आयनं दोनच काढले!"

काकांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी अजिबात न मळलेला चष्मा काढला आणि बनियनच्या टोकाने पुसायला लागले.

मी फोन घेतला आणि प्लंबरला फोन लावला. स्पीकरवर टाकला. काका दोन्ही हातांनी 'माझं नाव नको' अशा खुणा करत होते. इतक्या जोरात, की सोन्याची चेन उडून चष्म्याच्या दोरीत अडकली. तिकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली. काकांच्या खुणा थांबल्या. मग एक खर्जातला आवाज कडाडला.

"कोन?"

काकांनी डोळे मिटले. इतका वेळ ताठ धरलेली मान खुर्चीच्या पाठीवर टेकली.

"कोन बोलतंय? बोला की!"

आता मी काय बोलणार? तोंडाला आलं ते बोलले. "प्लंबर ना? आमचा नळ गळतोय."

"मी कशाला प्लंबर? चुकीचा नंबर हाय."

"सॉरी हं. काल दुपारपासून ऑनलाईन नव्हतात, म्हणून फोन केला." हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं, की कोणीही शहाणं माणूस प्लंबरला असं सांगत नाही.

पलीकडचा आवाज जरा खाली आला. "फोनामदला नेट संपलाय. पोऱ्या टाकायचा इसरला. तुमी कुठनं बोलताव?"

"नवीन पनवेल."

काकांना काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी गार चहा बशीत ओतला आणि सवयीने ओढला. फुर्र.

"बशीतनं च्या पिनारा कोन बसलाय तिकडं?" दादूसने विचारलं.

काकांनी बशी तशीच तोंडाला लावून ठेवली. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला, मग दादूस माझ्याशीच बोलायला लागला, पण असा, की आवाज माझ्या पुढे कुठेतरी पोचावा.

"तुमच्या बिल्डिंगीत एक म्हातारा हाय. काल रातभर ऑनलाईन व्हता. त्याला सांगा, झोपत जा. डोले आदीच गेलेत त्याचे. डोले असते तर बरोबर बटान दाबला असता."

"तुम्हाला कसं कळलं, तो रात्रभर जागा होता ते?"

"सुनंच्या फोनामदी दिसतो तो. मी सकाली उठून बगतंय. तिच्याकडं गॅसवाला म्हनून ठेवलाय."

काकांचा बशीतला चहा शर्टावर, म्हणजे बनियनवर सांडला. "गॅसवाला?" ते आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाले. सख्ख्या थोरल्या भावाला प्लंबर करून ठेवणाऱ्या माणसाला स्वतः गॅसवाला होणं फार लागलं.

"त्यांना फोन देऊ का?" मी विचारलं.

"मी कशाला कुनाशी बोलू? मना गावातनं काढलाय," दादूस म्हणाला. पण फोन ठेवला नाही. काकाही फोनपासून हलले नाहीत. दोघं म्हातारे एकमेकांचा श्वास ऐकत बसले आणि मध्ये मी, हातात मोबाईल घेऊन, देवापुढे आरतीचं ताट धरल्यासारखी उभी. शेवटी दादूसच म्हणाला, "नलाला वायसर बसवून घ्या. रोज गलत र्‍हायला का घर सडतो." आणि फोन बंद झाला.

काका उठले. दारापर्यंत गेले, परत आले. "बाय, त्याच्या फोनामदी नेट टाक. माजा नाव सांगू नको." मी टाकलं. नाव सांगितलं नाही. त्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका चहाला आले तेव्हा मीच आधी फोन पुढे केला. प्लंबर पहाटेच उठला होता. पण नवीन गोष्ट ती नव्हती. इतके दिवस प्लंबरच्या नावाशेजारी नुसतं करड्या रंगाचं डोकं दिसायचं. आज तिथे फोटो होता. मी बोटांनी मोठा केला. एका फ्लॅटचं दार, बाहेर चकचकीत लादीचा पॅसेज, आणि लादीभर शिंतोडलेलं पाणी. कोपऱ्यात बादली आणि कोणाचा तरी सुरकुतलेला पाय आला होता.

काका तो फोटो किती वेळ बघत होते, मी घड्याळ लावलं नाही. चहा आज गरम होता आणि तरी तसाच पडला होता. मग त्यांनी नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सडा असा घालतात काय? निस्ता पानी फेकलाय. शेन कुठं मिलनार म्हना द्रोणागिरीला." फोन परत देताना स्क्रीन बनियनला पुसून दिला. "त्याला कवाच येत नव्हता सडा घालायला. घरात आय असायची, मंग माजी वयनी. वयनी गेली, आता कोन घालनार?"

दारात चपला घालताना मला विचारलं, "घरात नारल हाय काय गो?" मी दिला. काकांनी तो कानाशी हलवून बघितला, आत पाणी आहे ना याची खात्री केली आणि बनियनखाली लपवून खाली गेले, जसा काही चोरलाच होता.

त्याच्या पुढच्या दिवशी दहा वाजले आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एकही बेल वाजली नाही.

सव्वादहाला देशमुख जिन्यात आले. दुसऱ्या मजल्यावरची सून आली, तिची सासू आली. जो तो दुसऱ्याला विचारत होता, "तुमच्याकडे काका आले का?" मी फोन काढला. काका आदल्या रात्रीनंतर ऑनलाईन नव्हते. ही बातमी जिन्यातून वर-खाली गेली आणि एवढ्यात खालून कोणीतरी धापा टाकत वर आलं. सेक्रेटरी सावंत. नियमांचा पुतळा. पायांत वेगवेगळ्या चपला आणि हातात वॉचमनची पहार.

आम्ही सगळे काकांच्या दाराशी. सावंतांनी बेल दाबली आणि दाबूनच धरली. पारूकाकींनी दार उघडलं, हाताला बेसन लागलेलं. त्यांनी आमची वरात बघितली, पहार बघितली.

"काय गो, कोन मेला?"

"काका कुठे आहेत?" सावंतांचा आवाज फाटला होता.

"तो फाटंच्या गाडीनं गेलाय द्रोणागिरीला. नारल घेऊन. नवा शर्ट घालून." त्यांनी आत देवाच्या फळीकडे हात केला. तिथे काकांचा फोन ठेवला होता, त्याला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी. "त्यो फोन र्‍हायला घरात. मी बोलले नेस, तर बोलला आज काय करू त्याचा."

सगळे हसले, सावंत सोडून. ते पहार धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आज आपल्याला कोण बघणार?" ते गमतीने म्हणाले की कसं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवशी लोक लगेच आपापल्या घरात गेले नाहीत. पारूकाकींनी भजी तळली. देशमुखांची बायको देशमुखांशेजारी पायरीवर बसली. आणि संध्याकाळी माझ्या फोनमध्ये सावंतांच्या नावाखाली ती बारीक अक्षरं परत दिसायला लागली. कडी काढलेली होती.

क्लासची मुलं गेल्यावर मी चहा टाकला आणि सवयीने प्लंबर उघडला. फोटो तोच, पाण्याचा सडा. खाली वेळ सकाळी आठची, म्हणजे साधारण पनवेलची गाडी तिकडे पोचली असेल तेव्हाची. त्यानंतर दिवसभर तो ऑनलाईन आला नव्हता.

मी फोन पालथा ठेवला, चहा बशीत ओतला आणि घरात कोणी नाही हे बघून जोरात फुर्र केलं.